रकाना खोडला, शेरा राहिला

उत्तर प्रदेशात सरकारी आदेशाने पोलिसांच्या कागदांतून आरोपीची जात हद्दपार झाली आणि आपल्याकडे चर्चा रंगली ती त्याच आदेशातल्या, गाड्यांवरच्या जातीच्या स्टिकरांची. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोरचा खटला दारूच्या चोरट्या वाहतुकीचा होता. फिर्यादीत आरोपींच्या नावांसोबत जाती लिहिल्या होत्या. त्यांची तपासाला गरज काय, असे न्यायालयाने विचारले, १६ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला आणि पाच दिवसांत सरकारचा तो आदेश निघाला.

हाच प्रश्न नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, विचारला तर? श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या पट्ट्यात पारध्यांच्या वस्त्या आहेत. त्यांची आडनावे काळे, भोसले, चव्हाण, पवार, शिंदे. आडनावावरून जात ओळखायची आपल्याकडची हातखंडा युक्ती इथे चालत नाही. मग जमात वेगळी सांगितली जाते. कागदावर जातीचा रकाना असो वा नसो, ती पत्त्यातल्या 'पारधी वस्ती'तून येते, नाही तर बातमीच्या मथळ्यातल्या 'टोळी'तून.

फौजदारी कोर्टात पूर्वग्रह न्यायाधीशांच्या तोंडून क्वचितच बाहेर पडतो. तो पोलीस ठाण्यातच कागदावर उतरतो आणि पुढे नकलेची नक्कल होत जातो. वाक्ये ठरलेली : गोपनीय बातमीदारामार्फत बातमी मिळाली, इसम अंधारात दबा धरून बसले होते, दरोड्याच्या तयारीत होते. जामिनाच्या अर्जावर सरकार पक्षाचे म्हणणे येते तेही ठरावीक : आरोपी सराईत आहे, कायमचा पत्ता नाही, सोडल्यास फरार होईल. पत्ता नाही, कारण गायरानावर टाकलेले पाल कोणी नावावर करून देत नाही. पण कोर्टापुढे तो आरोपीचा दोष ठरतो.

ही भाषा जुनी आहे. एम. केनेडी या बड्या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर एक जाडजूड पुस्तक काढले. भिल्ल, कैकाडी, रामोशी, बेरड, भामटे, पारधी अशी प्रकरणे, आणि जवळपास प्रत्येक प्रकरणाचा साचा एकच : दिसतात कसे, पेहराव काय, बोली कोणती, कोणत्या गुन्ह्याची सवय, हत्यारे कोणती, चोरीचा माल कुठे खपवतात. गुन्हा माणसाने केला की नाही, हा प्रश्न त्या साच्यात येतच नाही. गुन्हा जमातीचा, माणूस फक्त तिचा नमुना. मला सर्वांत खटकते ते बोलीचे कलम. पारध्यांची बोली गुजराती-भिली वळणाची. केनेडीला ती हवी होती माणूस हेरायला. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजावून द्या, असे आजचा कायदा सांगतो. पण पारधी बाई मोडक्या मराठीत अडखळली की ती काहीतरी लपवते आहे, असाच समज होतो. पोलिसांनी जी बोली शंभर वर्षांपूर्वी अभ्यासली, ती कोर्टाच्या कानापर्यंत अजून पोचायची आहे.

१८७१ पासून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. मुंबई राज्याने तो आधीच रद्द केला होता. पण १९५९ मध्ये इथे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो व्यक्तीचा होता, पण नजर जुनीच राहिली.

त्या नजरेचे मोल किती, ते शेजारच्या नाशिकच्या खटल्यात दिसते. जून २००३ मध्ये एका शेतमजूर कुटुंबावरच्या हल्ल्यात पाच जणांची हत्या झाली. मायलेकींवर बलात्कार झाला. पकडले गेले सहा जण, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार भलत्याच माणसांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. आरोपी भटक्या जमातीतले, अगदी तळातले गरीब आहेत, त्यांना गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई. हे कळायला सोळा वर्षे लागली, आणि खरे मारेकरी निसटले ते निसटलेच.

३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्तांना, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या जमातींना, मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. निकाल चांगलाच आहे. तरी नुसता रकाना खोडण्यावर माझा फारसा भरवसा नाही. तुरुंगांच्या राष्ट्रीय आकडेवारीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास मोजले जातात. विमुक्त वेगळे मोजलेच जात नाहीत. मोजण्यासाठी जात हवी, आरोप करण्यासाठी नको. नेमके उलटे चालले आहे.

कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्यात शब्दालाच हात घातला. पोलीस, वकील, तज्ज्ञ किंवा न्यायाधीश यांपैकी कोणी खटल्यात आरोपीच्या वंशावरून भेदभावाची भाषा वापरली, मग ती हेतूने असो वा नसो, तर आरोपीला त्यावर दाद मागता येते. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल. आरोपीचे वाईट चारित्र्य हा पुरावा नव्हे, हे मात्र पूर्वीच्या पुरावा कायद्यात होते आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ मध्येही आहे. जामिनाच्या वेळी पूर्वीचे गुन्हे पाहायला हरकत नाही, पण मग ते दाखवा. तेव्हा नगरच्या वकीलमंडळींना एवढेच सांगणे : रिमांडच्या पहिल्याच तारखेला 'सराईत' हा शब्द दिसला की उभे राहा, गुन्हा रजिस्टर नंबर मागा, त्या गुन्ह्याचा निकाल काय लागला ते विचारा, आणि उत्तर आले नाही तर शेरा खोडून मागा.