विंडोज आरटी: नाव विंडोजचं, पण जुनं सॉफ्टवेअर चालेना!

नवा लॅपटॉप घ्यायचा, त्यात आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि कामाला लागायचं. विंडोज म्हटलं की आपण हे गृहीतच धरतो. पण मायक्रोसॉफ्टनेच एकदा असं विंडोज आणलं होतं, ज्यात हे जमतच नव्हतं. त्याचं नाव विंडोज आरटी. ते का बंद पडलं आणि आज लॅपटॉप घेताना ते का आठवायचं, समजून घेऊया.

विंडोज आरटी म्हणजे काय?

विंडोजचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर चालत आले. मोबाईलमध्ये मात्र एआरएम पद्धतीचे प्रोसेसर असतात. ते वीज कमी खातात आणि कमी तापतात. २०१० मध्ये आयपॅड आला आणि मायक्रोसॉफ्टलाही तसाच पातळ, बॅटरी टिकवणारा टॅबलेट हवा झाला. त्यासाठी विंडोज ८ ची खास एआरएम आवृत्ती तयार झाली, तीच विंडोज आरटी. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती सरफेस टॅबलेटसह बाजारात आली. किंमत होती ४९९ डॉलरपासून पुढे.

मग घोळ कुठे झाला?

प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरची आज्ञांची भाषा वेगळी असते. इंटेलसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर एआरएमला थेट कळत नाही. मध्ये दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम लागतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. विंडोज आरटीमध्ये तो दिलाच नव्हता. त्याने बॅटरी आणि प्रोसेसरवर ताण येईल, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं.

म्हणजे टॅली किंवा श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर त्यावर टाकायचा प्रश्नच नव्हता. ॲप्स घ्यायचे ते फक्त विंडोज स्टोअरमधून, आणि तिथे निवड तोकडी होती. गंमत म्हणजे नेहमीचा डेस्कटॉप दिसायचा, वर्ड-एक्सेलही आधीपासून असायचं. त्यामुळे हे साधं विंडोज नाही, हे ग्राहकाला विकत घेतल्यावरच कळायचं.

पुढे काय झालं?

माल पडून राहिला. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटीच्या साठ्यापोटी तब्बल ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवला. सॅमसंग, डेल, लेनोवो यांनीही हळूहळू काढता पाय घेतला. २०१५ च्या सुरुवातीला सरफेस २ आणि नोकिया लुमिया २५२० यांचं उत्पादन थांबलं. या टॅबलेटना विंडोज १० मिळालंच नाही. जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा अपडेटही बंद झाले. त्यामुळे सेकंडहँड सरफेस आरटी कितीही स्वस्त मिळाला, तरी बँकेची कामं त्यावर करू नका.

आज हे का आठवायचं?

कारण एआरएमवरचं विंडोज परत आलंय. विंडोज १० च्या एआरएम आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने आधीची चूक सुधारली आणि एम्युलेटर दिला. विंडोज ११ मध्ये ६४-बिट सॉफ्टवेअरचीही सोय झाली. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप मिळू लागलेत आणि त्यांवर बरीचशी जुनी सॉफ्टवेअर्स चालतात.

बरीचशी, सगळी नाहीत. एम्युलेटर ॲप्स सांभाळतो, ड्रायव्हर नाही. प्रिंटर, स्कॅनर किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन चालवायला एआरएमसाठी बनवलेला ड्रायव्हर लागू शकतो. तो कंपनीने काढलाच नसेल, तर ते उपकरण नव्या लॅपटॉपवर अडून बसू शकतं.

तेव्हा दुकानात गेलात की 'विंडोज आहे का?' एवढंच विचारू नका. प्रोसेसर कोणता, आणि आपलं रोजचं सॉफ्टवेअर व प्रिंटर त्यावर चालतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. विंडोज आरटी घेणाऱ्या अनेकांना हे उत्तर पैसे दिल्यावर मिळालं होतं.