बायबल कपाटात, जात वर्गात

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. तिथे गणित, भूगोल होतेच, पण बायबल हा वेळापत्रकातला आणखी एक विषय नव्हता. बाकीचं सारं शिकवायचं ते त्याच्यासाठी. पालकांना हे ठाऊक होतं. इंग्रजी येईल, नोकरी लागेल, या हिशेबाने ते मुलं पाठवत राहिले. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला आणि पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणांनी धर्मांतर केलं, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाचा, श्रीपतचा, ताबा कोर्टाने वडिलांना दिला. त्याला ज्ञातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. स्वतः जांभेकर एल्फिन्स्टन विद्यालयात शिकवत होते, म्हणजे मिशनरींच्या समोरच्या बाजूला.

ती समोरची बाजू सरकारी शाळांची. धर्म शिकवायचा नाही, हा तिथला नियम. 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने तो नीट मांडला: बायबल ग्रंथालयात असू द्या, मुलाने आपणहून विचारलं तर शिक्षकाने शाळेच्या वेळेनंतर सांगावं. अनुदान मिळणाऱ्या शाळेत धर्माचं काय शिकवतात, याची निरीक्षकाने दखलही घ्यायची नाही. म्हणजे मिशनच्या शाळेलाही अनुदान मिळू शकत होतं. कागदावर व्यवस्था चोख होती.

पण तटस्थ राहायचं म्हणजे नेमकं काय? 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. फी भरायची त्याची तयारी होती. मुंबई सरकारने त्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला. पण त्याला घेतलं तर बाकीच्यांसाठी शाळाच निरुपयोगी होईल, या सबबीवर दार बंदच ठेवलं. बायबल कपाटात गेलं, जात मात्र वर्गातच बसून राहिली. मला तर हा निधर्मीपणा निम्माच वाटतो.

मिशन शाळांचा हेतू निर्मळ नव्हता, त्यांना माणसं हवी होती. तरी माणसं हवीत म्हणूनच त्यांनी शूद्रातिशूद्रांना आणि मुलींना दार उघडलं. त्याचा लाभ कोणाला झाला, पाहा. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. ख्रिस्ती मात्र ते झाले नाहीत. माणसामाणसांतल्या समतेचा विचार त्यांनी घेतला, पण बाप्तिस्मा घेतला नाही. शाळा काढणाऱ्यांना हा हिशेब फारसा पटला नसावा.

1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी बायबल हवं की नको यावर भर दिला नाही. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, ही त्यांची तक्रार होती. शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती.