सरकतं गेट अडतं कुठे? काडेपेटीपासून शाळेच्या फाटकापर्यंत



आजकाल आपल्या नांदेड-लातूरकडे शाळा, मंगल कार्यालय, अपार्टमेंट, जिकडे बघावं तिकडे रुळावर सरकणारी लोखंडी गेटं दिसतात. काहींना मोटरही असते. पहिलं वर्ष गेट छान चालतं. मग एखाद्या पावसाळ्यानंतर ते अडायला लागतं, करकरतं, आणि शेवटी शिपाईमामा आणि सातवीची चार मुलं मिळून ते ढकलतात. हे ढकलणं धोक्याचं आहे. रुळावरून उतरलेलं गेट अंगावर पडलं तर मोठा माणूससुद्धा वाचणं अवघड, मग लेकरांचं काय? म्हणून बिघाड ओळखायचा कसा, ते आज क्रमाने समजून घेऊ. सहावीच्या विज्ञानातला ‘बल’ हा धडा शिकवतानाही हे उपयोगी पडेल.

आधी एक प्रयोग

रिकामी काडेपेटी घ्या. आतला खण मधोमध बोट लावून ढकला. सहज सरकतो. आता तोच खण फक्त एका कोपऱ्यावर ढकला. तो तिरका होतो आणि अडकतो. खण बराचसा बाहेर आल्यावर असं केलं तर आणखी लवकर अडकतो, कारण आता त्याला सरळ धरून ठेवणारा आतला भाग कमी उरलेला असतो.

सरकणाऱ्या बहुतेक वस्तूंचं दुखणं हेच असतं. जोर कमी पडत नाही, वस्तू तिरकी होते. तिरकी झाली की ती कडेला दाबली जाते, घर्षण वाढतं, आणि जितका जास्त जोर लावाल तितकी ती घट्ट बसते. टेबलाचा ड्रॉवर एका कडेने ओढल्यावर अडतो, तोही याच कारणाने.

परदेशात फिरत्या घरासारख्या मोठ्या गाड्या असतात. आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. यातल्या काही गाड्यांची एक खोली मोटरने बाहेर सरकते. ही खोली म्हणजे मोठी काडेपेटीच! तिच्या दोन्ही बाजू सारख्या वेगाने सरकल्या नाहीत, गाडी उतारावर उभी असली किंवा बॅटरी उतरलेली असली, तर खोली अर्ध्यात अडते. आपल्या गेटचं गणित याहून फार वेगळं नाही.

बिघाड शोधायचा क्रम

१. हाताने ढकलून बघा. मोटरचं गेट असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मग रिलीज चावीने मोटर मोकळी करा. जागा उताराची असेल तर गेट आपोआप घरंगळू शकतं, म्हणून एकाने ते धरून ठेवावं. मुलं लांब हवीत. आता ढकला. गेट हलकं गेलं तर दोष मोटर किंवा वीजपुरवठ्यात आहे. जड गेलं तर दोष रूळ, चाक किंवा खांबात आहे. या एका परीक्षेने निम्मं काम होतं. ही न करताच मोटर बदलली, तर खर्च होतो आणि गेट तसंच अडतं.

२. रूळ बघा. खडा, वाळलेला चिखल, ट्रॅक्टर गेल्याने वाकलेली पट्टी, सुटलेलं वेल्डिंग. रूळ झाडून घ्या, पण त्यावर ग्रीस किंवा ऑइल ओतू नका. त्याला धूळ चिकटते आणि चाक घासणारा लगदा तयार होतो. ग्रीस बेअरिंगमध्ये द्यायचं असतं.

३. चाकं बघा. चाक फिरतंय की नुसतं घसटतंय? चाकावर एकाच जागी चकचकीत ओरखडा दिसला तर चाक जाम आहे असं समजा. ३०० किलोचं गेट चांगल्या बेअरिंगवर ५ ते १० किलो ओझं उचलण्याइतक्या जोराने चालतं. चाक जाम झालं की त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. दोनपैकी एकच चाक जाम असेल तर पुन्हा काडेपेटीचाच प्रकार.

४. वरचे रोलर आणि खांब बघा. गेट उभं धरणारे रोलर झिजले की गेट कलतं. ओळंबा धरून खांब सरळ आहे का तपासा.

५. मोटर शेवटी बघा. मोटरचं दातेरी चाक आणि गेटवरची दातेरी पट्टी यांच्यात किंचित फट हवी. गेट खाली बसलं तर पट्टी चाकावर दाबते. गेट बंद होता होता परत उघडत असेल तर सेन्सरच्या काचेवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे का ते पाहा. संध्याकाळी लाईट कमी दाबाने येत असेल तरी मोटर कण्हते. आतली वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनलाच उघडू द्या.

आपल्या भागातलं खरं कारण: काळी माती

वरचं सगळं ठीक असूनही दरवर्षी गेट अडत असेल तर पायाखाली बघा. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कापसाला ही माती चांगली, पण रुळाला वाईट. पावसाळ्यात रूळ एका जागी उचलला जातो, उन्हाळ्यात दुसरीकडे खचतो, आणि खांबही कलतात. म्हणून रुळाखालची काळी माती काढून मुरूम थराथराने धुमसून भरावा, त्यावर सळई घातलेली काँक्रीटची पट्टी टाकावी, आणि पावसाचं पाणी तिथे साचू देऊ नये. हे न करता नुसती चाकं बदलली तर पुढच्या वर्षी तीच तक्रार येते.

उन्हाचाही परिणाम होतो. लोखंड एक अंश तापलं की दर मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ६ मीटरचं गेट हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा मे महिन्याच्या दुपारी ५० अंशांनी जास्त तापलं तर? ६ × ५० × ०.०१२ = ३.६ मिलिमीटर. म्हणून टोकाला थोडी फट लागते. हे उदाहरण वर्गात फळ्यावर जरूर घ्या.

तीन गोष्टी ज्यांत तडजोड नको

एक, रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के स्टॉपर हवेत. ते नसले की गेट रोलरमधून निसटून आडवं पडतं. स्टॉपर तुटला असेल तर गेट त्याच दिवशी वापरातून काढा आणि बांधून ठेवा.

दोन, गेटवर लोंबकळणं, झोके घेणं बंद. परिपाठात दोन मिनिटं हे सांगा, आणि का ते काडेपेटीने दाखवा. कारण कळलं की मुलं ऐकतात.

तीन, बाहेर पडायला दुसरी वाट हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या भागाला वेगळा सांगावा लागत नाही. धक्क्याने चौकट किंचित तिरकी झाली तरी दार अडकू शकतं, सरकतं गेट तर आधी अडकेल. लाईट गेली तर मोटरही बंद. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असायची, तशी शाळेलाही बाहेर उघडणारी छोटी फाटकी हवी. शाळा सुरू असताना तिला कुलूप नको. रिलीज चावी कुठे टांगली आहे हे निदान तिघांना माहीत असावं.

शालेय व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, वरच्या पाच पायऱ्यांनी गेट तपासा. फारसा खर्च लागत नाही. झाडू, ओळंबा, थोडं ग्रीस आणि अर्धा तास पुरे होतो.