अर्ध्या टक्क्याचा हिशेब

माझा पुतण्या पुण्यात वास्तुशिल्पकारांना नियोजित इमारतींची संगणकचित्रे तयार करून देण्याचा व्यवसाय करतो. २०२५ सालच्या उन्हाळ्यात त्याने आपल्या संगणकासाठी एक नवे ग्राफिक्स कार्ड मागविले. खोके घरी आले तेव्हा योगायोगाने मी तेथे होतो. त्याने माझ्या हाती मोबाइल दिला आणि म्हणाला, "काका, सील फोडल्यापासून शेवटपर्यंत चित्रण थांबवू नका. खोक्यावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक एकाच चित्रफितीत दिसला पाहिजे." एखाद्या चोरीच्या जागेचा पंचनामा व्हावा तसा तो सोहळा पार पडला आणि मी पंच म्हणून उभा राहिलो. हा खटाटोप कशासाठी, असे विचारता कळले की कार्ड सदोष निघाले तर विक्रेता प्रथम हीच चित्रफीत मागतो. ती नसेल तर तक्रारीला किंमत नाही.

नवी वस्तू घरी येण्याच्या क्षणीच ग्राहकाने भावी तंट्याचा पुरावा गोळा करून ठेवावा, ही अवस्था सहजासहजी आलेली नाही. गेल्या काही वर्षांतील ग्राफिक्स कार्डांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की जी तपासणी कारखान्यात व्हावयाची ती हळूहळू ग्राहकाच्या टेबलावर येऊन पडली आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या यंत्रांतील तांत्रिक बारकाव्यांपेक्षा हे स्थलांतर अधिक लक्षणीय वाटते. तपासणीलाही खर्च असतो, आणि तो कोणी सोसावयाचा हा अखेर अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

अलीकडील सर्वांत बोलके उदाहरण एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीचे आहे. २०२५ च्या जानेवारीअखेर तिने आपल्या नव्या पिढीतील आरटीएक्स ५०९० हे कार्ड बाजारात आणले. त्याची अमेरिकेतील किंमत १,९९९ डॉलर, तर भारतात जाहीर झालेली किंमत २ लाख १४ हजार रुपये. अशा कार्डावरील मुख्य चिपमध्ये चित्राचा प्रत्येक बिंदू शेवटी जुळवून स्मृतीत लिहिणारे घटक असतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना आरओपी म्हणतात. ५०९० मध्ये ते १७६ असावयास हवेत. फेब्रुवारीत काही ग्राहकांना आपल्या कार्डात ते १६८ च असल्याचे आढळले. कार्ड बंद पडत नव्हते, धूर निघत नव्हता, पडद्यावर रेषा उमटत नव्हत्या. ते केवळ थोडे कमी काम करीत होते. टेकपॉवरअप या संकेतस्थळाने हा प्रकार उजेडात आणल्यावर कंपनीने निवेदन काढले : ५०९०, ५०९० डी आणि ५०७० टीआय या कार्डांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत हा दोष आहे, त्यामुळे चित्रणाचा वेग सरासरी ४ टक्क्यांनी घटतो, उत्पादनातील चूक दुरुस्त करण्यात आली आहे आणि ग्राहकांनी बदली कार्डासाठी उत्पादकाकडे जावे. काही दिवसांतच ५०८० हे कार्डही या यादीत घालावे लागले. तेथे ११२ ऐवजी १०४ घटक निघाले.

येथे कंपनीची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. चिप ही सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडविली जाते. (तिला वेफर म्हणतात, आणि वर्गात हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांना बटाटा आठवतो.) ५०९० च्या चिपमध्ये ९,२०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर आहेत. इतक्या गर्दीत सर्वच निर्दोष निघावेत ही अपेक्षा कोणी शहाणा करणार नाही. म्हणून चिपचा थोडा भाग आधीच राखीव धरलेला असतो आणि जो भाग बिघडलेला निघेल तो बंद करून उरलेली चिप ठरलेल्या प्रतीखाली विकली जाते. संपूर्ण चिपमध्ये गणनघटक २४,५७६ आहेत, ५०९० म्हणून विकताना त्यांतील २१,७६० चालू ठेवतात. आंब्यांची प्रतवारी होते तशीच ही प्रतवारी, आणि तीत गैर काही नाही. उलट तिच्यामुळेच वाया जाणारा माल कमी होतो आणि किंमत काहीशी आवाक्यात राहते. परंतु प्रतवारीवर ज्याचा धंदा उभा आहे त्याने पेटीतील डझन मोजलेले असले पाहिजेत, एवढे तरी गृहीत धरावयास नको काय?

शिवाय ही मोजणी काही दुष्कर नव्हती. जीपीयू-झेड नावाची एक छोटी आज्ञावली फुकट मिळते. ती चालविली की कार्डातील आरओपींची संख्या काही क्षणांत पडद्यावर येते. ग्राहकांनी दोष पकडला तो याच साधनाने. घरी बसलेला एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी जे क्षणात पाहू शकतो ते चिप घडविणारा, ती कार्डावर बसविणारा आणि खोक्यात भरणारा यांपैकी कोणाच्याही नजरेस पडू नये, याला तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणता येणार नाही. कोणी पाहिलेच नाही, किंवा पाहून अडविले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या अर्ध्या टक्क्याकडे वळू. निवेदनात टक्केवारी होती, कार्डांची संख्या नव्हती. टक्केवारीचा एक गुण असा की ती सांगणाऱ्याला लहान वाटते आणि सोसणाऱ्याला शंभर. अर्धा टक्का म्हणजे दोनशेत एक. परंतु तो एक आपणच नाही ना, हे पाहण्यासाठी उरलेल्या एकशे नव्याण्णव जणांनाही आपापले कार्ड तपासावे लागले. दोषाचा खर्च एकाचा आणि संशयाचा खर्च दोनशे जणांचा, हा या व्यवहाराचा खरा ताळेबंद होय. ४ टक्क्यांचेही तसेच. भारतातील किमतीवर ४ टक्के म्हणजे साडेआठ हजार रुपये. कंपनीने किंमत उघडपणे तेवढ्याने वाढविली असती तर ग्राहकाने ती निदान डोळे उघडे ठेवून दिली असती.

आपल्याकडे वाण्याच्या तराजूवर सरकारी मोहोर असते. वजनमापांचा निरीक्षक ठराविक मुदतीने येतो, वजने पारखतो, खोटी निघाल्यास दंड करतो. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली पाव किलो चहाच्या पुड्यात ठरलेल्या सवलतीपेक्षा कमी चहा भरणे हा अपराध आहे. 'मापात पाप' या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेत जी धार आहे ती उगीच आलेली नाही. ग्राहकाला घरी नेऊन माल पुन्हा तोलता येत नाही, म्हणून समाजाने त्याच्या वतीने तोलणारा नेमला. सिलिकॉनच्या मापाला असा निरीक्षक नाही. त्यातून आरओपींची संख्या खोक्यावर ठळकपणे छापण्याची रीतही नाही. जे माप छापलेलेच नाही ते कमी भरले असे म्हणणार कसे?

एनव्हिडियाच्या बाबतीत हा प्रकार अगदी नवा नव्हता. २०१४ च्या सप्टेंबरात आलेल्या जीटीएक्स ९७० या कार्डाची स्मृती ४ जीबी असल्याचे सांगितले गेले. ती होतीही. परंतु त्यांतील शेवटचा अर्धा जीबी उरलेल्या साडेतीनपेक्षा फार मंद गतीने चालतो आणि आरओपी जाहीर केलेल्या ६४ ऐवजी ५६ च आहेत, हे २०१५ च्या जानेवारीत ग्राहकांच्या चाचण्यांतून बाहेर आले. अभियंते आणि प्रसिद्धी विभाग यांच्यात गैरसमज झाला, असा खुलासा कंपनीने केला. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये दर कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. त्याआधी २००८ मध्ये लॅपटॉपमधील चिपांची जोडणी कच्ची निघाल्याने याच कंपनीला १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली होती.

प्रतिस्पर्धी एएमडी अधिक काटेकोर आहे, असे मानण्याचेही कारण नाही. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या तिच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डांपैकी काहींचे तापमान ११० अंशांवर जाऊन वेग आपोआप घटू लागला. सुरुवातीस तक्रार करणाऱ्याला हे तापमान मर्यादेतच असल्याचे उत्तर मिळाले. मग एका जर्मन तंत्रज्ञाने कार्डे आडवी-उभी करून पाहिली आणि दोष उष्णता वाहून नेणाऱ्या बंदिस्त कोठीत असावा, असे दाखवून दिले. जानेवारीत कंपनीने ते मान्य केले. काही कोठ्यांत पाणीच पुरेसे भरले गेले नव्हते! हजार डॉलरांच्या यंत्रात चमचाभर पाण्याचाही हिशेब चुकावा, याला काय म्हणावे?

मात्र या सर्वांत मनाला अधिक लागणारा प्रकार वीजजोडाचा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० आले आणि त्याच्या नव्या जोडाचे प्लास्टिक वितळल्याची छायाचित्रे फिरू लागली. हा जोड १२ व्होल्टवर ६०० वॅटपर्यंत वीज नेतो, म्हणजे ५० अँपिअर. ती सहा पिनांत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला आठाहून अधिक अँपिअर येतात. जुन्या जोडात हा भार याच्या निम्म्याच्या आसपास होता. नोव्हेंबरात एनव्हिडियाने सांगितले की जगभरात सुमारे ५० प्रकरणे आढळली असून जोड पूर्णपणे न बसविणे हे त्याचे प्रमुख कारण दिसते. हे खरे असेलही. पण आपल्या स्वयंपाकघरातील गॅसचा रेग्युलेटर नीट बसल्याखेरीज त्याचा खटका फिरत नाही, तो कशासाठी? माणूस घाईत असतो, अंधारात असतो, चुकतो, हे ज्याने रेग्युलेटर बनविला त्याला ठाऊक होते. पुढे २०२३ मध्ये त्या जोडाच्या पिनांची लांबी बदलण्यात आली, जेणेकरून अर्धवट बसलेल्या जोडातून वीज वाहू नये. म्हणजे सुधारणा शक्य होती. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत ५०९० चे जोड वितळल्याची वृत्ते पुन्हा आलीच.

अशा स्थितीत बाजार या कंपन्यांना शासन का करीत नाही? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात दाखविले होते की विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेथे चांगला मालही बाजारातून हद्दपार होऊ लागतो. त्यावर हमी, नाममुद्रा, व्यापाऱ्याची पत हे उपाय त्यांनीच सुचविले. ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात ही पत ज्यांनी कमावली होती त्यांत अमेरिकेतील इव्हीजीए या कंपनीचे नाव अग्रभागी होते. तक्रार आली की फार चौकशी न करता कार्ड बदलून देणे, हा तिचा लौकिक. २०२२ च्या सप्टेंबरात तिने या धंद्यातूनच अंग काढून घेतले. चिप देणाऱ्या एनव्हिडियाशी संबंध बिनसले हे एक कारण, आणि नफा अत्यल्प हे दुसरे. हमी देण्याला खर्च येतो, आणि तो भागविण्याइतका नफा मधल्या कंपनीच्या हाती उरत नव्हता.

दुसरे कारण याहून मोठे आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचे एकूण उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर होते. त्यांतील ११५ अब्ज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या प्रचंड संगणक केंद्रांकडून आले, तर खेळांसाठी कार्डे घेणाऱ्यांकडून ११ अब्जांच्या आसपास. जो ग्राहक पूर्वी या कंपनीचा अन्नदाता होता तो आता शंभरातील नऊही रुपये देत नाही. तो रुसला तर बिघडते काय? आणि रुसून जाणार कोठे, तर एएमडीकडे. तेथील पाण्याची कथा वर सांगितलीच.

आपल्या ग्राहकाच्या हाती कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या विस्तृत असून कराराने ठरलेल्या गुणवत्तेतील वा परिमाणातील कोणतीही उणीव तीत बसते. तक्रार स्वतःच्या गावच्या जिल्हा आयोगापुढे करता येते, ही सोयही मोठी. पण त्याच कायद्यातील उत्पादकाच्या दायित्वाचे नवे प्रकरण येथे फारसे उपयोगी नाही, कारण त्यातील हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचेच झालेले नुकसान वगळले आहे. कार्डामुळे घराला आग लागली तर उत्पादक जबाबदार. कार्डच उणे निघाले तर हे प्रकरण मदतीला येत नाही. आणि दोष प्रयोगशाळेत तपासण्याची वेळ आली तर तिचे शुल्क आयोग प्रथम तक्रारदारालाच भरावयास सांगू शकतो. तपासणीचा खर्च येथेही फिरून ग्राहकाच्याच दारी येतो.

पुतण्याचे कार्ड तीन आठवड्यांनी बिघडले. अर्धा तास काम केले की पडदा काळा होई. विक्रेत्याने चित्रफीत मागितली, ती मिळाल्यावर संगणकाच्या वीजपुरवठ्यावर संशय घेतला, तोही फिटल्यावर वितरकाकडे बोट दाखविले. दुसरे कार्ड हाती येईपर्यंत सहा आठवडे गेले आणि त्या काळात दोन कामे दुसरीकडे गेली. दोन्ही गिऱ्हाइके परत आलेली नाहीत.

नवे कार्ड आणावयास मीही त्याच्याबरोबर दुकानात गेलो होतो. आमच्या लहानपणी विजेचा दिवा घ्यावयास गेले की दुकानदार तो फळीवरच्या होल्डरमध्ये लावून, उजेड दाखवून मगच कागदात गुंडाळीत असे. दिवा तेव्हा चारदोन रुपयांचा होता. त्याची आठवण देऊन मी त्या दुकानदाराला म्हटले, की समोरच्या संगणकात हे कार्ड पाच मिनिटे लावून दाखवा. तो भला माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, "सर, सील फोडून दाखवले आणि तुम्ही नको म्हणालात, तर ते कोण घेईल?" पुतण्याने खिशातून मोबाइल काढून माझ्या हाती दिला.