मुलींना मैदानबंदी, मग देशाला का नको?

रशीद खान हे नाव तुमच्या घरात नवं असायचं कारण नाही. आयपीएल सुरू झालं की संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता बाहेरच्या खोलीतून ते कानावर येतंच. अफगाणिस्तानच्या आणखी चार-पाच खेळाडूंची नावंही आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. का नसावीत? गुणी पोरं आहेत ती. लढाईमुळे परागंदा झालेल्या माणसांनी पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांत क्रिकेट शिकावं आणि त्यांच्याच देशाच्या संघाने २०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला हरवून उपांत्य फेरी गाठावी, याचं कौतुक कुणाला वाटणार नाही?

पण मैत्रिणींनो, त्याच देशातल्या क्रिकेट खेळणाऱ्या एका तरी मुलीचं नाव सांगा पाहू!

नाही ना येत? चूक आपली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या क्रिकेट मंडळाने २५ मुलींशी रीतसर करार केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची राजवट आली आणि सगळं संपलं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची हकिगत तर ऐकवत नाही. खलिदा पोपल ही त्यांच्या संघाची पहिली कप्तान. मुलींनी न लाजता, न घाबरता आपलं नाव सांगावं, फोटो छापू द्यावेत, असं वर्षानुवर्षं शिकवणारी. त्या ऑगस्टमध्ये तिलाच डेन्मार्कहून निरोप धाडावे लागले : फोटो पुसून टाका, अंगातले खेळाचे कपडे जाळून टाका. लेकीला मिळालेलं प्रशस्तिपत्र आपण दर्शनी भिंतीवर लावतो. ते आपल्याच हाताने चुलीत घालायची वेळ आली तर काय होईल, एवढं मनात आणून बघा.

बऱ्याच क्रिकेटपटू मुली कशाबशा निसटून ऑस्ट्रेलियात पोचल्या. मागे राहिलेल्यांना मैदानच काय, सहावीच्या पुढची शाळाही बंद. आणि मुलांचा संघ मात्र जगभर खेळतोच आहे. प्रश्न येतो तो इथे. जो देश आपल्या अर्ध्या लेकरांना मैदानावर पाऊल टाकू देत नाही, त्याला जगाने आपल्या मैदानावर का घ्यावं?

तुम्ही म्हणाल, खेळात कशाला आणायचं हे राजकारण? पण हा प्रश्न जगाने एकदा सोडवलेला आहे, आणि तो सोडवताना आपल्या देशाने पदरचं मोजलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचा संघ वेगळा, काळ्यांना त्यात जागा नाही. १९६४ साली त्यांचं ऑलिंपिकचं आमंत्रण रद्द झालं, १९७० साली ऑलिंपिक समितीतूनच त्यांना काढलं. १९७४ साली टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात भारताची गाठ पडली ती नेमकी याच देशाशी. अमृतराज बंधू भरात होते, कप हातातोंडाशी आलेला. भारताने खेळायला नकार दिला आणि कप त्यांना बहाल केला! तो कप आपल्याला आजतागायत मिळालेला नाही. वाईट वाटतं, पण त्या नकाराची लाज वाटल्याचं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही.

‘पोरांचा काय दोष?’ हा प्रश्न तेव्हाही होताच. बॅरी रिचर्ड्ससारखा फलंदाज अवघे चार कसोटी सामने खेळला आणि दारं बंद झाली. त्याने काय कुणाचं घोडं मारलं होतं? पण त्याच बंदीच्या धाकाने १९७१ साली केपटाऊनच्या मैदानात खुद्द गोरे खेळाडू खेळ थांबवून बाहेर चालते झाले. रंग न पाहता गुणांवर निवड करा, हे त्यांचं म्हणणं. घरातल्या कर्त्यांना घरातल्याच मुलांनी सुनावलं, की त्याला वेगळं वजन येतं. पुढे राजवट बदलू लागली, तेव्हा १९९१ च्या नोव्हेंबरात त्यांचं स्वागत करायला कोलकात्याचं ईडन गार्डन तुडुंब भरलं होतं.

मग रंगासाठी जे केलं ते बाईसाठी का नाही? काळ्या मुलाला बाहेर ठेवलं तर तो अन्याय, आणि मुलीला बाहेर ठेवलं तर ती म्हणे त्यांची संस्कृती! हे ‘संस्कृती’ प्रकरण आपण बायकांनी पुरतं ओळखलेलं असतं. घरात जे बदलायचं नसतं, त्याला हेच नाव देतात.

कुणी असंही विचारेल, की आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? मुलगी आठवी-नववीत गेली की ‘आता पुरे’ म्हणून तिचं मैदान सोडवणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. शाळेत शिकवते म्हणून हे रोजचं पाहते. पण घरच्यांशी भांडता येतं. बाबा नाही म्हणाले तर मामाकडून वदवता येतं, बाई घरी जाऊन समजावू शकतात. पुण्यात १९७३ साली बायकांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली ती तीन संघांवर! तिथून सांगलीच्या स्मृती मानधनाच्या संघाने २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक उचलला, तो अशाच भांडून मैदानावर राहिलेल्या मुलींच्या जिवावर. सरकारच बंदूक घेऊन दारात उभं असेल तर भांडायचं कुणाशी?

आता दुसरी बाजूही बघू. बंदीने काम होतंच असं नाही. तालिबानच्या मागच्या राजवटीत, १९९९ साली, ऑलिंपिक समितीने अफगाणिस्तानला निलंबित केलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला तो देश नव्हता. तालिबानला त्याचं काडीचंही वाटलं नाही. त्यांची सत्ता गेली ती २००१ च्या युद्धाने. याउलट सौदी अरेबिया. त्यांना जगात मानाने मिरवायचं होतं, म्हणून नुसत्या दबावानेच त्यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला पहिल्यांदा दोन मुली पाठवल्या. त्यातली सारा अत्तार आठशे मीटरमध्ये सगळ्यांच्या कितीतरी मागून आली आणि अख्खं स्टेडियम तिच्यासाठी उभं राहिलं. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत मुलींना व्यायामाचा तास मिळाला, २०१८ मध्ये बायकांना फुटबॉलचा सामना बघायला स्टेडियमात सोडलं. ज्याला चारचौघांत बसायची हौस आहे, त्यालाच पंगतीतून उठवायची भीती घालता येते!

आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या काय म्हणतात? मला वाटतं, आधी हे विचारायला हवं. फ्रिबा रेझाई ही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ज्युडो खेळलेली, ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या दोन अफगाण बायकांपैकी एक. ती स्पष्ट म्हणते, माझ्या देशावर बंदी घाला. पण ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेटपटू मुलींनी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला पत्र लिहिलं, त्यात सुरुवातीलाच रशीदच्या संघाचं अभिनंदन होतं! आम्हाला तसं देशासाठी खेळता येत नाही याचं दुःख आहे, आम्हाला निर्वासितांचा म्हणून तरी संघ द्या, एवढीच मागणी. भावाच्या ताटातलं काढून घ्या, असं त्या म्हणत नाहीत. माझंही एक पान मांडा, म्हणतात. रशीदनेही २०२४ च्या डिसेंबरात, मुलींचं परिचारिका नि सुईणीचं शिक्षण बंद झालं तेव्हा, उघडपणे त्याविरुद्ध लिहिलं. कुटुंबकबिला तिकडे असताना हे लिहायला छाती लागते.

मला चीड येते ती अर्ध्यामुर्ध्या नकाराची. ऑस्ट्रेलियाने बायकांच्या प्रश्नावरून अफगाणिस्तानशी २०२१ ची कसोटी रद्द केली, २०२३ ची मालिका रद्द केली, २०२४ चीही. छान. पण विश्वचषकात गुण जायची वेळ आली तेव्हा आपल्या वानखेडेवर, ७ नोव्हेंबर २०२३ ला, ते निमूटपणे खेळले. मॅक्सवेलच्या दोनशे एक धावा त्याच सामन्यातल्या. सोयीचं तेवढं सोवळं पाळायचं, तसलाच हा प्रकार.

ऑलिंपिकवाल्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला त्यातल्या त्यात बरी वाट काढली. अफगाणिस्तानचे तीन मुलगे आणि तीन मुली बोलावल्या, झेंडा जुना तिरंगी, तालिबानच्या एकाही अधिकाऱ्याला आमंत्रण नाही. तालिबान म्हणालं, आम्ही फक्त मुलांनाच ओळखतो. म्हणेनात का! किमिया युसुफी शंभर मीटर धावली आणि छातीवरच्या क्रमांकाच्या मागे शिक्षण, खेळ आणि हक्क असं लिहिलेलं जगाला दाखवून गेली.

क्रिकेटला हे अवघड का जावं? २०१७ साली अफगाणिस्तानला पूर्ण सदस्यत्व दिलं, तेव्हा बायकांचा संघ उभारणं हा त्या सदस्यत्वाचाच भाग होता. तो शब्द पाळला गेला नाही, म्हणून मंडळाचं सदस्यत्व निलंबित करावं, त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या हातात देऊ नयेत, आणि मुलगे व मुली दोघांनाही परिषदेच्या छत्राखाली खेळवावं, असं माझं मत आहे. क्रम मात्र महत्त्वाचा. आधी मुलींचा संघ, मग मंडळावर बंदी. नाहीतर मुलगे घरी बसतील आणि मुली होत्या तिथेच राहतील. एप्रिल २०२५ मध्ये परिषदेने भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मंडळांसह या मुलींसाठी निधी जाहीर केला, ही सुरुवात झाली. फुटबॉलवाले थोडे पुढे गेले : त्यांनी परागंदा मुलींचा संघ २०२५ मध्ये मोरोक्कोत खेळवलादेखील, आणि लिबियाविरुद्धचा सामना त्या पोरींनी जिंकला.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असणार आहे, पुरुषांचे सहा संघ आणि बायकांचेही सहा. २०२० मध्ये करार हातात पडला तेव्हा जी मुलगी वीस वर्षांची होती, ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची असेल.