म्युनिक की आखेन?

नाशिकच्या एका मध्यमवर्गीय घरात एकाच आठवड्यात जर्मनीहून दोन प्रवेशपत्रं आली. एक म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचं, दुसरं आखेनच्या. मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर, पुढची पदवी त्याला उत्पादनशास्त्रात घ्यायची होती. वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. धाकटी बहीण बारावीला. आईनं दोन्ही पत्रं देवापुढे ठेवली आणि त्याच संध्याकाळपासून घरात वाद सुरू झाला.

नातेवाइकांचं मत लगेच ठरलं. म्युनिक सगळ्यांना ठाऊक होतं. बीएमडब्ल्यू तिथली, सीमेन्सचं मुख्यालय तिथं, १९७२ सालचं ऑलिंपिकही तिथलंच. ‘‘आखेन? हे कुठं आलं?’’ असं मावशीनं विचारलं, तेव्हा मुलालाही नकाशा उघडावा लागला. जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागून हे गाव आहे.

लग्नाच्या स्थळासारखंच इथंही घराण्याचं नाव आधी पाहिलं जातं. पण नावाच्या बाबतीत दोन्हीपैकी कुणीच कमी नाही. म्युनिकचं विद्यापीठ १८६८ सालचं, आखेनचं १८७० सालचं. डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल म्युनिकला शिकला. विमानशास्त्रातले थिओडोर फॉन कारमान अमेरिकेत जाण्यापूर्वी आखेनला शिकवत होते. आखेनची मशीन टूल प्रयोगशाळा १९०६ सालापासून चालू आहे, हे ऐकल्यावर आतापर्यंत गप्प असलेले वडील खुर्चीत सरसावून बसले. आयुष्य लेथ आणि मिलिंग मशीनजवळ काढलेल्या माणसाला शहरापेक्षा ही माहिती जास्त कळत होती.

फुकट शिक्षणाचा हिशेब

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती बऱ्याच अंशी खरी आहे, पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे अशा ठिकाणी, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ते साधारणपणे सत्राला ४००० ते ६००० युरो आहे. हुशारी किंवा आर्थिक स्थिती पाहून काहींना सवलत मिळते, पण ती मिळेलच असं धरून कर्ज काढणं शहाणपणाचं नाही.

वडिलांनी वही काढली. युरोला शंभर रुपये धरले. म्युनिकची चार सत्रं म्हणजे नुसतं शुल्कच सोळा ते चोवीस लाख. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. व्हिसासाठी वर्षभराचे पैसे जर्मनीतल्या एका बंद खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. हे पैसे कुणी घेत नाही. ते मुलाचेच असतात आणि दर महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं त्याला परत मिळतात. पण उभे तर आधी करावे लागतात. दोन वर्षांचे धरले तर आणखी चोवीस लाख. त्यातही म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महाग शहर. तिथं खोलीचं भाडंच या रकमेचा मोठा लचका तोडतं. विद्यार्थी वसतिगृहातली खोली स्वस्त पडते, पण तिच्यासाठी प्रतीक्षा यादी लांब असते.

आखेनचं राज्य असं शुल्क घेत नाही. सत्राला तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरायची, त्यात प्रवासाचा पासही येतो. खोल्यांची टंचाई तिथंही आहे, पण भाडी म्युनिकएवढी नाहीत. वहीत फरक सरळ वीस लाखांच्या घरात गेला. नाशिकजवळ घेऊन ठेवलेला प्लॉट विकावा लागणार नाही, मुलीच्या शिक्षणाला हात लागणार नाही. प्रश्न सुटला, असं त्या रात्री सगळ्यांना वाटलं.

पत्रातली ओळ

प्रश्न पुन्हा उभा केला तो मुलीनं. दादाचं पत्र ती सहज वाचत होती, तेव्हा प्रवेश विद्यापीठाच्या ‘इंटरनॅशनल अकादमी’तर्फे दिल्याचा उल्लेख तिला दिसला. आखेनच्या मोफत शिक्षणाची हीच मेख आहे. तिथले नेहमीचे अभियांत्रिकी अभ्यासक्रम बिनशुल्क असतात, पण त्यातले बहुतेक जर्मन भाषेत चालतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत चालणारे कित्येक अभ्यासक्रम ही अकादमी चालवते आणि त्यांना सत्राला हजारो युरो शुल्क आहे. पदवी विद्यापीठाचीच मिळते, पण फुकट नाही. मुलाला मिळालेला प्रवेश याच प्रकारातला होता.

घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. मुलाला ही गोष्ट ठाऊक होती का, हा प्रश्न आईनं विचारला नाही. त्यानं सांगितलंही नाही.

अशा चुका पुष्कळ घरांत होतात. विद्यापीठाचं नाव वाचलं जातं, अभ्यासक्रमाचं पान कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. सल्लागारांवर सगळं सोपवण्यातही धोका असतो. विद्यार्थी पाठवल्याबद्दल खासगी संस्था कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. त्यामुळे कोणती नावं यादीत वर येतात, हे सांगायला नको.

मग नव्यानं तुलना झाली. पैशाचा फरक आता बराच कमी उरला होता. मुलानं दोन्हीकडची विषयांची यादी समोर ठेवली. त्याला हवे असलेले विषय आखेनकडे जास्त होते. म्युनिकला कंपन्या हाताशी आहेत, पण यंत्रशास्त्राचे वर्ग शहराबाहेर गार्शिंगला भरतात. नोकरीच्या परवानगीचे नियम दोन्हीकडे सारखेच. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, विद्यापीठातलं साहाय्यकाचं काम त्यात मोजत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. परीक्षांचा धाक मात्र कमी लेखू नये. आखेनला एका विषयाची परीक्षा तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा नापास झालं, तर तो अभ्यासक्रम तिथंच संपू शकतो.

आणि भाषा? वर्ग इंग्रजीत झाला तरी घरमालक, डॉक्टर, दुकानदार आणि बहुतेक कारखाने जर्मनच बोलतात. नोकरी शोधताना ही उणीव फार भोवते. मुलानं कॉलेजात असताना दोन पातळ्या केल्या होत्या आणि मग सोडून दिलं होतं.

शेवटी वडिलांनीच विचारलं, ‘‘तुला जर्मन येत असतं, तर हाच कोर्स फुकट झाला असता ना?’’

उत्तर ‘हो’ असंच होतं. जर्मनमधून चालणाऱ्या अभ्यासक्रमाला साधारण सी-१ पातळी लागते. सहा पातळ्यांमधली ही पाचवी. तिथवर पोचायला वर्षभर तरी घासावं लागणार होतं. पुन्हा अर्ज करावा लागणार, आणि प्रवेश मिळेलच याची खात्री नाही. हातातली दोन्ही पत्रं वाया जाणार. मित्र पुढे निघून जाणार, हे दुःख मुलाला सगळ्यांत मोठं वाटत होतं. आईचाही जीव तुटत होता. ‘‘प्लॉट विकू, पण त्याचं वर्ष नको घालवायला,’’ असं ती दोनदा म्हणाली. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. चोविशीतलं एक वर्ष म्हणजे एका वर्षाचा पगारही असतो.

चार दिवस मुलगा घुम्यासारखा वावरला. पाचव्या दिवशी त्यानं दोन्ही विद्यापीठांना नकार कळवला. पुण्यात एका कारखान्यात नोकरी धरली आणि संध्याकाळी मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा वर्ग. पगारातून तो बंद खात्यासाठी पैसे बाजूला टाकतो. शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं झालं आहे. ते त्यानं आधीच काढलेलं होतं, तेवढं काम वाचलं.

रविवारी फोन आला की वडील त्याला नवा जर्मन शब्द विचारतात. परवाचा शब्द होता ‘व्हेर्कत्सॉइग’, म्हणजे हत्यार. टूलरूममध्ये एका जुन्या जर्मन यंत्राच्या पाटीवर तो शब्द त्यांनी तीस वर्षं पाहिला होता.