मरणाचा हक्क आणि ओझं होण्याची भीती

मरणासन्न रुग्णांना वैद्यकीय मदतीनं आयुष्य संपवण्याची मुभा देणारं विधेयक ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सनं २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं. नोव्हेंबर २०२४ मधल्या पहिल्या मतदानात हाच कौल ३३० विरुद्ध २७५ होता. सात महिन्यांत आघाडी ५५ वरून २३ वर घसरली. दोन्ही वेळी पक्षादेश नव्हता, ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला स्मरून मत द्यायचं होतं. या काळात विरोधाकडे झुकलेल्यांत काही अगदी नवे खासदार होते. डॅनियल फ्रान्सिस त्यांतलेच एक.

जुलै २०२४ मध्ये बेक्सलीहीथ आणि क्रेफर्ड या लंडनच्या आग्नेय टोकाच्या मतदारसंघातून ते मजूर पक्षातर्फे पहिल्यांदा निवडून आले. विधेयक मांडणाऱ्या किम लेडबीटर त्यांच्याच पक्षाच्या, आणि पंतप्रधान कीअर स्टार्मर यांचाही त्याला पाठिंबा होता. पहिल्या मतदानात फ्रान्सिस यांनी कोणतीच बाजू घेतली नाही. पुढे कलमवार छाननी करणाऱ्या समितीत ते बसले आणि शेवटी विरोधात गेले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे ते वडील आहेत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांच्या आक्षेपांचा रोख मात्र कायद्याच्या भाषेवर आहे.

कॉमन्सनं मंजूर केलेलं विधेयक इंग्लंड आणि वेल्सपुरतं होतं. रुग्ण किमान अठरा वर्षांचा हवा आणि सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असावा. दोन डॉक्टरांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं, आणि औषध त्यानं स्वतःच घ्यायचं. निर्णय घेण्याची मानसिक क्षमता त्याच्यात आहे की नाही, हे २००५ च्या ‘मेंटल कपॅसिटी अॅक्ट’नुसार ठरवायचं. फ्रान्सिस यांची हरकत नेमकी इथे आहे. तो कायदा माणसाला सक्षम धरूनच सुरुवात करतो. अक्षमता सिद्ध करायची जबाबदारी शंका घेणाऱ्यावर असते. एखादा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. घर, पैसा, उपचार अशा बाबतींत अपंगांचं स्वातंत्र्य जपणारं हे तत्त्व मरणाच्या निर्णयाला जसंच्या तसं कसं लावायचं? बौद्धिक अपंगत्व असलेला, समोरच्याला खूश ठेवण्यासाठी ‘हो’ म्हणणारा माणूस या चाळणीतून सहज निसटेल, ही त्यांची भीती. निकष कडक करण्याचे विरोधकांचे बहुतेक प्रयत्न समितीत फेटाळले गेले.

दुसरा घाव विश्वासावर बसला. मूळ मसुद्यात प्रत्येक अर्ज उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे जाणार होता, आणि जगातली सर्वांत कडक व्यवस्था म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. छाननी समितीत ती तरतूद गेली. तिच्या जागी ज्येष्ठ कायदेतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांचं मंडळ आलं. नंतर मे २०२५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनंच, आहे त्या स्वरूपात विधेयकाला पाठिंबा देता येणार नाही, असं जाहीर केलं.

समर्थकांची बाजूही हलकी नाही. आज तिथे आत्महत्येला मदत करणाऱ्याला १९६१ च्या कायद्याखाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ज्यांच्याकडे पैसा आणि प्रवासाची ताकद आहे ते स्वित्झर्लंड गाठतात, बाकीचे वेदना सोसत राहतात. २००५ चा कायदा डॉक्टर वर्षानुवर्षं वापरत आहेत, तेव्हा ऐन वेळी नवा निकष आणला तर गोंधळच वाढेल, असंही ते म्हणतात. यातला स्वित्झर्लंडचा मुद्दा मला निरुत्तर करतो, २००५ च्या कायद्याचा करत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात असा कायदा १९९७ पासून आहे. तिथल्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या बाबतीत ‘घरच्यांवर ओझं होण्याची भीती’ हे एक कारण नोंदलेलं दिसतं. असा रुग्ण कायद्याच्या लेखी पूर्ण सक्षम असतो. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नसते, पण त्याचा निर्णय कितपत मोकळा आहे हे कोणताही अर्ज सांगू शकत नाही.

मराठी वाचकाला इथे अरुणा शानबाग आठवतील. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेसाठी लेखिका पिंकी विराणी यांनी केलेली दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळली. केईएमच्या परिचारिकांचा त्या याचिकेला विरोध होता. मात्र त्याच निकालानं, आणि पुढे २०१८ च्या घटनापीठाच्या निकालानं, ठरावीक परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबवायला मान्यता दिली. उपचार नाकारण्याची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याची प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी झाली. मरणासाठी औषध हाती देणं हा आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. ब्रिटनमधला वाद त्याविषयी आहे, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

कॉमन्सनंतर विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात गेलं, तेव्हा तिथे हजाराहून अधिक सुधारणा सुचवल्या गेल्या. विरोधकांना हा चिवटपणा वाटला, समर्थकांना वेळकाढूपणा. कॉमन्समधली २३ मतांची आघाडी पाहता, जवळपास निम्म्या सभागृहाला मसुदा पटलेला नव्हता हे मात्र दोघांनाही मान्य करावं लागेल. वेदनेतून सुटका मागणाऱ्या रुग्णाशी फ्रान्सिस यांचं भांडण नाही. कायदा ज्यांच्यापर्यंत चुकून पोचेल, त्यांची बाजू ते मांडतात. पहिल्यांदाच निवडून आलेल्या खासदारानं स्वतःच्या पंतप्रधानांच्या मताविरुद्ध कलम अन् कलम वाचून मत द्यावं, हे संसदेचं कामच आहे. उद्या आपल्या संसदेत असं विधेयक आलं, तर आपल्या खासदारानं ते वाचलं आहे का, एवढं तरी त्याला जरूर विचारा.